शिवेवरची शेकोटी

माझी सगळी नोकरी लोकांचे दंड बघण्यात गेली. माणूस भेटला की इतर लोक त्याचे तोंड बघतात, पागोटे बघतात, आडनाव विचारतात. माझी नजर अजूनही आधी दंडावर जाते. तिथे देवी टोचल्याचे वण दिसले की बरे वाटते. नसले की पेन्शनीत असूनही हात पिशवीकडे जातो. मागे एका लग्नात मी नवऱ्यामुलाचा दंड चाचपला, तेव्हापासून घरचे लोक मला पुढच्या रांगेत बसवत नाहीत.

खेड्यांत आम्हाला देवीडॉक्टर म्हणत. त्यातला डॉक्टर हा शब्द फुकटचा. काम एवढेच, की लशीच्या काचनळ्या, नश्तर आणि स्पिरिटची बाटली घेऊन भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांत गावोगाव फिरायचे, लहान पोरांच्या दंडावर ओरखडे काढून त्यांत लस चोळायची आणि आठवड्याने परत जाऊन फोड आला का ते बघायचे. फोड आला तर टोचणी लागली. नाही आला तर पुन्हा तीच रडारड, आणि त्यात माझ्या पायपिटीची भर.

या धंद्यात नश्तराच्या आधी संशय लागतो. गावात एकही तान्हे मूल नाही, असे पाटील शपथेवर सांगत, आणि त्यांच्याच परसात दोरीवर दुपटी वाळत असत. कामथडीला एका बाईने एकच पोर दोनदा आणले. दुसऱ्या खेपेला टोपडे घालून, धाकट्याच्या नावावर. पहिले ओरखडे अजून ओले होते. मी विचारले, "बाई, ह्याचं नाव काय?"

"नाव कशाला हवं?" बाई म्हणाली. "तुमाला दंड पायजे न्हवं? ह्यो घ्या."

मी लोकांवर संशय घेई आणि लोक माझ्यावर. सरकार पोरांना खुणा करून ठेवते आणि पुढे लढाईवर नेते, असे काही गावांत पक्के ठाऊक होते. आमचे हे नाते परस्पर अविश्वासावर उभे होते आणि कित्येक लग्नांपेक्षा टिकाऊ ठरले.

पण देवीचे काही सांगायचे नाही. देवी हा सरळ रोग. अंगावर उमटतो, वण ठेवतो, पळवाट ठेवत नाही. सांगायचे आहे ते तापाचे, ज्याला डॉक्टर लोक इन्फ्लुएन्झा म्हणतात आणि आमच्याकडे मानमोडी म्हणतात. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पटकी पाण्यातून येते, प्लेगाच्या आधी उंदीर पडतात, हे एव्हाना खेड्यातल्या माणसालाही कळले होते. मानमोडीने यातली एकही खूण दिली नाही. सकाळी नांगर धरणारा गडी संध्याकाळी घोंगडी मागे आणि मग उठत नसे. सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे निवड. म्हातारीकोतारी खोकून खोकून उरली आणि कर्ती माणसे गेली. गरोदर बायांवर तर तिचा दातच होता. भाटघरच्या बाजूच्या एका घरात मी गेलो, तर आजा चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. त्याला जमत नव्हती. घरात थापणारे दुसरे कोणी राहिले नव्हते.

रोगाला खूण नसली की लोक माणूस शोधतात. ताप कसा आला, हे मला नोकरीभर फारच थोड्यांनी विचारले. कोणी आणला, हे सगळ्यांनी विचारले, आमच्या साहेबांनीसुद्धा.

भाटघरच्या धरणाची भिंत पुरी होत आली होती, त्या सुमारास एका हिवाळ्यात ताप परत आला. पहिल्याइतका जबर नव्हता, पण लोकांना पहिला विसरायला अजून वेळ मिळाला नव्हता. आरोग्यखात्याचे आमचे साहेब, त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांनी कचेरीत भिंतभर नकाशा लावला आणि ताप आलेल्या गावांत तांबड्या कागदाची निशाणे टोचायला सुरुवात केली. निशाणे त्यांनी स्वतः कातरली होती आणि चांगली कातरली होती. त्यांचे म्हणणे असे, की ताप सडकेने प्रवास करतो. म्हणून सातारा सडकेवर शिवऱ्याच्या अलीकडे एक शिपाई बसवला. त्याने गाड्या थांबवून विचारायचे, कोणाला ताप आहे काय? सडकेवरून एकही तापकरी गेला नाही, असा अहवाल रोज येई. तापकरी गाडीत घोंगडीखाली पडलेला असे आणि गाडीवान सांगे, पावण्यानं जरा जास्त घेतलीय.

मग वेल्ह्याकडून बातमी आली, की जिथे बैलगाडीही जात नाही अशा खोऱ्यात माणसे आडवी झाली आहेत. साहेबांना हे फार लागले. जकात चुकवून कोणी माल नेला, तर नाकेदाराचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तिकडे सडकच नाही," ते म्हणाले. "मग ताप गेला कुठून? बघून या. आणि निशाणं कुठं लावायची ते नीट विचारून या."

मी कोयनेलच्या, म्हणजे हिवतापावरच्या कडू गोळ्या घेतल्या. त्या या तापावर काही करत नाहीत असा माझा संशय होता, पण रिकाम्या हाताने गेलेल्या सरकारी माणसाला कोणी बसायला घोंगडे देत नाही.

ज्या दोन गावांत हे घडले त्यांची नावे लिहिणार नाही. दोन्ही नांदती आहेत आणि आता दोन्हींत वाचणारे लोक आहेत. एक डोंगराच्या कुशीत, त्याला वरचे गाव म्हणतो; दुसरे ओढ्याच्या काठी, ते खालचे. तिकडे संस्थानची आणि इंग्रजी मुलखाची गावे गोधडीच्या ठिगळांसारखी एकमेकांत शिवलेली. खालचे गाव संस्थानचे, वरचे खालशातले, म्हणजे इंग्रजांचे. मी संस्थानचा नोकर, म्हणून मधल्या शिवेवर माझा अधिकार संपे.

ताप वरच्या गावात आधी आला. त्यांनी रिवाजाप्रमाणे मरीआईचा गाडा काढला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुडघाभर उंचीचा लाकडी गाडा, त्यावर शेंदूर फासलेली देवी, खण, हिरव्या बांगड्या, लिंबे, नारळ. सगळे गाव वाजतगाजत तो ओढीत शिवेपर्यंत नेते आणि सोडून येते. देवी गेली, तिच्याबरोबर रोगही गेला. पुढच्या गावाने तो आपल्या हद्दीतून ओढून पलीकडच्या शिवेला न्यायचा, असे करत करत रोग समुद्राला मिळावा. योजना सुंदर आहे. तिच्यात खोट एवढीच, की दर गावाला शेजारी असतो.

खालच्या गावाने गाडा घ्यायला साफ नकार दिला. काठ्या घेऊन तरणे गडी शिवेवर उभे राहिले. वरच्यांनी परत नेणे शक्य नव्हते. निघालेली देवी कोणी घरी आणत नाही. त्यामुळे गाडा शिवेवर अडला. तो चोरून पलीकडे ढकलला जाऊ नये म्हणून खालच्यांनी रात्रंदिवस राखण बसवली, आणि ते परत लोटतील म्हणून वरच्यांनीही. एवढे करूनही खालच्या गावात ताप शिरला.

मी पोचलो तेव्हा खालच्या गावाच्या अलीकडेच, माळावरच्या एका खोपीपुढे एक बाई दगडावर बसून शेंगा फोडीत होती. पोटुशी होती, दिवस भरत आलेले दिसत होते. मला बघून तिने पदर ओढला आणि तोंड फिरवले. चावडीवर बाबाजी पाटील भेटले. राठ मिशांचे, थोडे बोलणारे आणि जेवढे बोलत तेवढेही जपून.

"ती बाहेर कोण बसलीय?" मी विचारले.

"कोन न्हाई. धोंड्याची बायकू. सगुना."

"मग घरी का नाही?"

"घरीच व्हती. म्हायेर वरच्या गावातलं. चोरून गेली आन् ताप घिऊन आली. म्हनून भाईर ठिवलीया."

"तिला ताप आहे?"

"तिला न्हाई. तिनं आनला."

"म्हणजे स्वतः न चाखता सगळ्यांना वाढला?"

पाटील हसले नाहीत. "तुमी गोळ्या द्या, डाक्तर. बाकीचं गाव बगंल."

बाकीचे म्हणजे काय, ते हळूहळू कळले. सगुणेला विहिरीवर येऊ द्यायचे नाही. विस्तू द्यायचा नाही. आणि वेळ आली की सुईणीनेही खोपीकडे फिरकायचे नाही. पहिलटकरीण, थंडीचे दिवस, माळावरची खोप. गावाने तिला मारायचे ठरवले नव्हते. फक्त ती मेली तर आपला हात लागलेला नसेल, एवढी काळजी घेतली होती.

मी घरोघर फिरलो. आजारी बघता बघता एक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. पडलेले सगळे तरणे गडी होते. ज्या बाया सगुणेबरोबर पाणी भरत, दळत, तिच्या जावा, ज्या तिच्याशेजारी झोपत, त्या धडधाकट फिरत होत्या आणि तिला शिव्या देत होत्या. ताप तिने आणला असता तर आधी त्या पडायला हव्या होत्या. जो बाईकडून येतो आणि फक्त गड्यांनाच धरतो, असा ताप माझ्या ऐकिवात नव्हता. गावात काही जणांच्या मनात ह्याचे भलतेच उत्तर तयार होते, तेही एकाने मला ऐकवले. मी त्याला दोन गोळ्या जास्त दिल्या, कडू म्हणून.

धोंडू घरीच घोंगडी पांघरून बसला होता. ताप उतरला होता, खोकला राहिला होता. त्याची आई भागूबाई चुलीपाशी होती.

"ताप घरात आधी कोणाला आला?" मी विचारले.

"म्या काय ध्यानात ठिवते व्हय?" भागूबाई म्हणाल्या आणि फुंकणी घेऊन चूल फुंकू लागल्या. चूल आधीच चांगली पेटलेली होती.

सगुणेला विचारले, "माहेरी गेली होतीस?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी खोपीपुढे नुसताच बसून राहिलो. गप्प बसणाऱ्या सरकारी माणसाची लोकांना सवय नसते. थोड्या वेळाने तीच बोलली.

"गेले व्हते. आई तापानं पडलीया असं कानावर आलं. अंगनात टोपली ठिवली आन् फिरले. आत पाय टाकला न्हाई. बा उंबऱ्यात हुबा व्हता. म्हनला, पोरी, तू दोन जीवांची, हितं नगं थांबू."

"कधी गेलीस? धोंडूला ताप यायच्या आधी की नंतर?"

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितले. "मागनं. ह्यांचं अंग तापलं व्हतं आदीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ज्यानं सांगायचं त्यो गप. म्या कशाला सांगू?"

मी तिच्यावरही पुरता विश्वास ठेवला नाही. एकदा खोटे बोललेले माणूस दुसऱ्यांदा खरे बोलतेच असे नाही. म्हणून शिवेवर गेलो.

गाडा वाटेच्या मधोमध होता. लिंबे सुकली होती, खणावर धूळ बसली होती. अलीकडे खालच्या गावचे दोन गडी, पलीकडे वरच्या गावचा एक, अंगाने भरलेला, डोळे तांबारलेले. अलीकडच्यांना मी विचारले, "त्या लोकांशी बोलणं होतं का?"

"थू," एक म्हणाला. "तोंड सुदिक बगत न्हाई."

पण शेकोटी एकच होती. गाड्याच्या चाकाला लागून, बरोबर शिवेवर. राख दोन्हीकडे सांडली होती आणि भोवती बसण्यासाठी दगड मांडले होते, ते गोल मांडले होते. भांडणाऱ्या माणसांचे दगड समोरासमोर असतात, असे चुलीभोवती बसल्यासारखे गोल नसतात.

"शेकोटी एकच कशी?"

"लाकडं कमी हायती," दुसरा म्हणाला आणि ओढ्याकडे निघून गेला.

पलीकडच्याचे नाव गोविंदा. माझा अधिकार चाकाशी संपत होता, म्हणून मी अलीकडे उभा राहूनच त्याला तेच विचारले. त्याला खोकल्याची उबळ आली, मग हसू आले.

"बोलत न्हाई, ते खरं हाय. पर चिलमीला कुटं बोलावं लागतंय? तंबाकू त्यांची, विस्तू आमचा. धोंडू मदी बसतो, इकडनं तिकडं देतो. आमच्या गावचा जावई हाय त्यो. भांडान असलं म्हनून जावयाला चिलीम न्हाई म्हनता येतंय व्हय?"

चिलमीच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळतात आणि तिच्यातून धूर ओढतात. चिंधी एक आणि तोंडे दोन गावांची. ताप चिलमीतून गेला, की थंडीत एका घोंगडीखाली दाटून एकमेकांच्या तोंडावर खोकल्यामुळे गेला, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण गाडा अडवायला बसवलेल्या राखणीनेच ताप शिवेपार आणला, एवढे त्या गोल मांडलेल्या दगडांवरून मला कळले. मानमोडी तरण्याताठ्यांना का निवडते याचे सगळे उत्तर त्यात नाही. थोडे मात्र आहे. गावावर काही संकट आले की पुढे बसवतात ते तेच.

आता हे चावडीवर सांगायला हवे होते, आणि तेच अवघड होते. गावाच्या दृष्टीने ताप येणे हा दैवाचा भाग होता, पण राखणीला बसून वैऱ्याची चिलीम ओढणे हा गुन्हा होता. एक बाई खोपीत राहिली तर कोणाचेच काही जात नव्हते. तिला घरी आणायची तर कितीतरी गड्यांना आईबापांसमोर मान खाली घालावी लागणार होती. त्यांत पाटलांचा थोरला होता.

मी सांगितले. सगळे ऐकून घेतले गेले. मग पाटील म्हणाले, "डाक्तर, तुमी शिवंच्या पल्याड गेला व्हता?"

"नाही."

"मग त्यांचं खरं आन् आमचं खोटं, हे तुमाला कुनी सांगितलं?"

मागून कोणीतरी म्हणाले, "खालशातनं बी पगार मिळत असंल."

दुसरा म्हणाला, "पिशवीत काय काय आसतंय कुनाला ठावं. आदी पोरास्नी टोचलं, आता ताप आला."

मी धोंडूकडे वळलो. तो खांबाला टेकून बसला होता. "धोंडिबा, तुम्ही सांगा. शेकोटीवर चिलीम ओढली की नाही?"

धोंडू जमिनीकडे बघत म्हणाला, "म्या चिलीम वढतच न्हाई."

एकदोघे फिसकन हसले, कारण त्याच्या कानावर त्या घटकेलाही चिलमीची चिंधी खोचलेली होती. मग त्याला खोकला आला आणि पुष्कळ वेळ थांबेना. त्या खोकल्यात भिंतीशी उभ्या असलेल्या बायांतून भागूबाई पुढे आल्या. बाया चावडीत बोलत नसत. त्यांनी पदर नीट केला, मुलाकडे बघितले.

"तुजा बाप बी असंच म्हनायचा," त्या म्हणाल्या. मग पाटलांकडे तोंड केले. "पाटील, पोराला ताप आदी आला. शेकोटीवरनं आला त्योच तापून आला. मी म्हनलं, गप ऱ्हा, धुरानं झालंय म्हन. सून म्हायेरला मागनं गेली. आता तिचं दिस भरल्यात. नातवंड माळावर येतंय, आन् सुईन वाटंला बी जाईना. ताप आननाराला खोपीत घालायचा आसंल तर ह्याला घाला. म्या नेऊन सोडते."

धोंडूला खोपीत घालायचे तर त्याच्याबरोबर बसलेल्यांना कुठे घालणार, हा हिशेब प्रत्येक जण मनात करत होता आणि खोपी पुरत नव्हत्या. गुन्हेगार एक असला की गावाला चेव येतो. घरटी एक निघाला की सगळे एकदम समंजस होतात.

"झालं ते झालं," पाटील म्हणाले. "सुनंला आना घरी."

सगळा घोळका माळाकडे निघाला. मी त्यांच्याबरोबर, जिंकल्यासारखा. आणि वाटेवर मी मागे पडू लागलो. तिला आणायचे कुठे? ज्या घरात नवरा खोकतो आहे, सासूही सकाळपासून घसा खाकरत होती, खिडकी नाही, चुलीच्या उबेला सगळे एकत्र निजतात, तिथे. दिवस भरलेली बाई. अशा बायांचे मानमोडीत काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले होते. गावाने शिक्षा म्हणून दिलेली खोप हीच त्या खोऱ्यातली तिच्यासाठी सगळ्यांत सुरक्षित जागा होती. पण आता मी म्हटले असते, तिला तिथेच राहू द्या, तर गाव म्हणाले असते, बघा, देवीडॉक्टरसुद्धा तेच म्हणतो. आणि विहीर, विस्तू, सुईण, सगळे पुन्हा बंद झाले असते.

खोपीपाशी पोचल्यावर मी पाटलांना जरा मागे थांबवले आणि सगुणेला दोन्ही गोष्टी सांगितल्या. दोष तुझा नाही, हे गावाने मानले. आणि घरात ताप आहे, तिथे बाळंत होणे धोक्याचे आहे. पुढे काय करावे ते मला सांगता येईना, आणि मी तसेच म्हटले.

तिने शेंगांचे सूप बाजूला सारले. मग उठली, घागर उचलली आणि सगळ्यांच्या पुढून गावात चालत गेली. घोळका तिच्या मागून. विहिरीवर बाया होत्या. त्या बाजूला सरल्या. तिने पोहरा सोडला, घागर भरली, कमरेवर घेतली. मग घराशी गेली, अंगणात थांबली, तुळशीला थोडे पाणी घातले. भागूबाई दारात उभ्या होत्या. "ये की आत," त्या म्हणाल्या.

"आत न्हाई येत, आत्या. घरात खोकत्यात सगळी. खोपीत वारा हाय." मग पाटलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाळंत हुईस्तवर म्या माळावरच ऱ्हानार. माजी म्या. विस्तू रोज पायजे. आन् सुईन पायजे."

पाटलांनी मान हलवली. तेवढ्यात धोंडू घरातून उठून आला आणि घागर घ्यायला हात पुढे केला. तिने घागर दिली नाही. "आदी बरं व्हा," म्हणाली आणि चालू लागली.

राखण मी उठवायला लावली. दोन्ही गावांनी आपापले गडी घरी नेले आणि गाडा तिथेच, दोन सरकारांच्या मधोमध, एकटा राहिला. तो कोणी हलवावा याबद्दल साहेबांनी इंग्रजी अंमलदाराला लिहिले. उत्तर आले तेव्हा ताप गेला होता आणि लाकूड वाळवीने खाल्ले होते. निशाण कुठे लावायचे, हेही साहेबांनी विचारले. शिवेवर, असे मी सांगितले. नकाशात ती शीव कागदाच्या घडीत आली होती, निशाण तिथे टिकेना.

गोविंदा गेला. वरच्या गावात तापाने जे गेले त्यांत तो होता. शिवेच्या पलीकडे मला जाता येत नव्हते, हे खरे आहे. गेलो असतो तर कोयनेलच्या गोळ्यांनी तो वाचला असता असेही नाही. पण खोऱ्यात विचारल्याबरोबर खरे बोललेला पहिला माणूस तो, आणि त्याला त्यात सांगण्यासारखे काही विशेष वाटलेच नव्हते. कोणाच्या सांगण्याने कोणाचे काय वाचले, हे त्याच्यापर्यंत कधी पोचले की नाही, मला माहीत नाही.

सुईण जाऊ लागली. पहिल्याच दिवशी सगुणेने तिला खोपीबाहेर उभी करून विचारले, तुमच्या घरात कोन खोकतंय का, आणि नाही म्हटल्यावरही तिचा खोकला येतो का ते बघायला थोडा वेळ बोलत ठेवले. सुईणीने हे मला रागाने सांगितले. मला मात्र धंद्यातले कोणी भेटल्यासारखे वाटले.

खोऱ्यातून निघायच्या सकाळी मी माळावरून गेलो. खोपीतून तान्ह्याचे रडणे येत होते. बाहेर भागूबाई डोक्यावर गरम पाण्याची घागर आणि हातात डिंकाच्या लाडवांचे गाठोडे घेऊन उभ्या होत्या. त्यांना आता खोकला लागला होता.

"आत्या, तिथंच थांबा," आतून आवाज आला.

"अगं, नातवाचं तोंड तर बगू दे."

"तोंड कुटं पळून जात न्हाई. खोकला गेला की या."

भागूबाईंनी माझ्याकडे बघितले. "तुमीच सांगा की तिला, डाक्तर."

मी पिशवी खांद्याला अडकवली. त्यांनी घागर खोपीच्या दाराशी ठेवली, गाठोडे घागरीवर ठेवले आणि मागे येऊन दगडावर बसल्या. पदर तोंडावर घेतला.

"कुनावानी दिसतंय?" त्यांनी विचारले.

"आजून कुनावानीच न्हाई," आतून उत्तर आले. "लाल हाय नुसतं."

भागूबाईंना हसू आले आणि हसता हसता उबळ आली. ती थांबल्यावर त्या कोणी न सांगता उठल्या आणि आणखी मागच्या दगडावर जाऊन बसल्या.